नव्या भाताचा मान

करवतीला दोन माणसं लागतात. एक ओंडक्यावर उभा राहतो, दुसरा खाली खड्ड्यात. वरचा काजळीच्या दोरीनं मारलेली रेघ सांभाळतो आणि करवत वर उचलतो. खालचा ती ओढतो. लाकूड कापलं जातं ते खालच्याच्या ओढीनं. भुसाही त्याच्याच डोळ्यांत जातो. रेघ सरळ गेली तर शाबासकी मात्र वरच्याला मिळते.

मी वरचा होतो. चौदा वर्षं माझ्या खाली झिलू होता.

झिलू वेळीप. कुंभारवाड्यापलीकडे सात घरांची एक कुणबी वाडी होती, तिथला. उंचीनं माझ्या खांद्याला लागायचा. अंगात मांस कमी, पण मनगट दगडी. वाडीपासून आमचा खड्डा दीड तासाच्या वाटेवर. ऊन ओंडक्याला लागायच्या आत तो आलेला असायचा. चौदा वर्षांत उशीर दोनदाच झाला. एकदा वाटेत गवा उभा होता म्हणून, एकदा पायात काटा मोडला म्हणून. दोन्ही वेळा त्यानं दुपारची विश्रांती घेतली नाही. तेवढा वेळ भरून दिला.

त्याची बोली कोकणीकडं झुकलेली. मी इथं माझ्या कानाला बसली तशी लिहितो.

तो वाळक्या भोपळ्याच्या भांड्यात नाचणीची आंबील आणायचा आणि पानात बांधलेली उकडलेली कणंगं. कणंग म्हणजे कंद. काही त्यांच्या परसात लावलेले, काही रानातले. रानातलं कणंग काढणं सोपं नाही. वेलाच्या बुडाशी हातभर, कधी कमरेएवढं खणावं लागतं. घाई केली की मोडतं. झिलू ते अखंड काढायचा. मग त्याचा शेंडा कापून परत खड्ड्यात ठेवायचा आणि माती लोटून पायानं दाबायचा. पुढच्या वर्षी तिथं परत वेल. मी पुष्कळ मजूर पाहिले. काढलेला खड्डा बुजवणारे थोडे.

आमचं खाणं वेगळं. आज जिथं रामनगर आहे तिथल्या रस्त्याकडेच्या वस्तीत आम्ही राहायचो. बहुतेक जण खानापूर, बेळगावाकडून आलेले. जोंधळ्याची भाकरी, खरडा, झुणका. जोंधळा इथं पिकत नाही, तरी आम्ही तिकडून आणायचो. भाताच्या मुलखात राहून भाकरी खायची, हा आमचा ताठा होता. पाहुणा आला की कोंबडी. कोंबडी नसली तर पाहुण्याचा अपमान झाला असं आम्ही धरायचो.

खड्ड्यावर तीन जोड्या होत्या. दुपारी सगळे एकत्र बसायचे. आमच्यातला दत्तोबा बोलायला पुढे. तो झिलूच्या पानाकडे बघून म्हणायचा, "काय रं झिलू, आज मुंग्यांची चटणी न्हाई? उपाशी मरशील की."

झिलू म्हणायचा, "मुंग्यांनी तुझा वास घेतलान, पळाल्या."

सगळे हसायचे. झिलूही हसायचा. आमची भाकरी दिली तर तो खायचा. झुणका त्याला आवडायचा. एकच गोष्ट तो खात नसे. घरची कोंबडी.

मी त्याला एकदा विचारलं. त्याच दिवशी त्यानं रानकोंबड्याचा रस्सा आणला होता म्हणून विचारलं.

"रानातली चालते आणि घरची का न्हाई?"

तो म्हणाला, "घरची आमच्या हातचं दाणं खाती. ज्यानं आपल्या हातचं खाल्लं ते आपलं. त्याला कसं खायचं? रानातलं देवानं धाडलेलं. ते वायलं."

"आणि खाल्लं तर?"

"वाडीच्या पंगतीत बसता येत न्हाई."

ही त्या वाडीची रीत होती. दुसऱ्या वाडीत वेगळी असेल. मला ती तेव्हा पोरकट वाटली. खरं सांगायचं तर मला ती टोचली. जो खड्ड्यात उभा राहतो, जो कंद खातो, तो आमच्या पाहुणचाराला नको म्हणतो. हे मला पटत नव्हतं.

पंचावन्न साली माझ्या मुलाचं जावळ काढलं. खानापुराकडून बायकोचे भाऊ आले. मी झिलूलाही बोलावलं. माझी बायको केशर. तिनं सकाळपासून खपून कोंबडीचं जेवण केलं. झिलूला मी रीत विचारली होती हे मी तिला सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. पानावर वाढलं की खाईल, चार माणसांत नाही म्हणणार नाही, असा माझा हिशेब होता.

झिलूनं पानावरचा रस्सा बोटानं बाजूला सारला नाही. त्यानं पान तसंच पुढं सरकवलं आणि केशरला म्हणाला, "वैनी, मला दुसरं पान दे. भात आणि ताक दे. बरं लागतं मला."

केशरचा मोठा भाऊ मोठ्यानं म्हणाला, "घ्या! केशरच्या हातचं आता रानटी माणूससुद्धा खाईना."

लोक हसले. केशर आत गेली. झिलूनं भात-ताक खाल्लं, पान उचललं, मुलाच्या हातावर एक लाकडी खेळणं ठेवलं आणि गेला. खेळणं शिसवीचं होतं. कडा तासून गुळगुळीत केलेल्या. निदान दोन संध्याकाळींचं काम.

रात्री केशर मला म्हणाली, "तुम्हाला म्हाईत हुतं का तो खात न्हाई ते?"

मी म्हणालो, "न्हाई."

ते हसू माझ्या डोक्यात राहिलं. मेहुण्याला मी काही बोललो नाही. झिलूवर राग धरला. हे उलट होतं, पण तसं झालं.

पुढच्या वर्षी, छप्पन साली, चैत्रात आमचा कूप संपत आला. कूप म्हणजे त्या वर्षी तोडायला दिलेला रानाचा तुकडा. शेवटचा ओंडका किंदळाचा होता, सव्वीस फुटी. शेवटचा ओंडका चिरला की खड्ड्यावर जेवण करायचं, अशी आमची पद्धत. दत्तोबा म्हणाला, "औंदा झिलूला कोंबडी चारूया. रानातली म्हणून. मग बघूया देव काय करतो."

बोलला दत्तोबा. पण घडवलं मी. हे मला नीट लिहायचं आहे, कारण इतकी वर्षं मी दत्तोबाचं नाव पुढं करत आलो. वस्तीतला म्हातारा, चामट कोंबडा मी निवडला. मांस रानातल्यासारखं चिवट लागावं म्हणून. तो मी घरी कापला, पिसं पुरली. सकाळपासून शिजवला. आणि रानकोंबड्याचं मानेवरचं एक ठिपक्यांचं पीस माझ्याकडं होतं, ते चुलीपाशी टाकलं, झिलूला दिसेल असं. ही कल्पना माझी. दत्तोबाला ती सुचली नसती.

झिलूनं पीस उचलून बघितलं. मग मला विचारलं, "परसू, रानातलोच न्हवं?"

"व्हय. काल फास लावला हुता. गावला."

त्यानं दत्तोबाला विचारलं नाही. मला विचारलं. पाच वर्षं आम्ही एकाच करवतीची दोन टोकं धरत होतो. वरच्याला खालचा दिसत नाही. त्याची ओढ कळते. त्यालाही वरच्याची कळते. माझा हात खोटा नाही हे त्याला ठाऊक होतं. त्यावरून त्यानं माझं तोंडही खरं धरलं.

तो जेवला. म्हणाला, "जून होता रे. पण बरा जाला." हाड चोखून बाजूला ठेवलं. मग त्या हाडाकडे पाहत राहिला. रानातल्याचं हाड बारीक असतं, हे जाड होतं. त्याचा चेहरा बदलायला लागला तेवढ्यात दत्तोबानं दोन्ही हात काखेत मारले आणि कोंबड्यासारखा आरवला. बाकीचेही आरवले. मी आरवलो नाही. हसलो.

मला वाटलं तो शिव्या देईल. मारेल. त्यासाठी मी तयार होतो. तो उठला, ओहोळावर गेला, हात धुतले, तोंड धुतलं. परत आला आणि खड्ड्यात उतरला. ओंडक्याचा एक काप राहिला होता.

"चल," म्हणाला.

आम्ही तो काप पुरा केला. सव्वीस फूट. त्याची ओढ कुठंही ढिली पडली नाही. मी वर रेघ सांभाळत होतो आणि रेघ दोनदा चुकली. माझी. काप पुरा झाल्यावर तो वर आला, भुसा झटकला आणि दोन्ही फळ्यांची कड हातानं पाहिली.

"हांगा चुकलं तुझं," एवढंच म्हणाला आणि वाडीची वाट धरली.

कुणी सांगितलं नसतं तर त्याच्या वाडीला कधीच कळलं नसतं. आमच्यातलं कुणी तिकडं जात नव्हतं. त्यानं त्याच संध्याकाळी बुधवंताला जाऊन सांगितलं. बुधवंत म्हणजे त्यांच्या वाडीचा मुख्य म्हातारा. हे मला नंतर कळलं.

पावसात करवत बंद असते. झिलू त्याच्या भातशेतीवर, मी रस्त्याच्या कामावर. त्या वर्षी दिवाळीत आमचा सुपे तालुका मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. वस्तीत त्याचीच चर्चा. आता कचेरीत कुठली भाषा, मराठी शाळेचं काय. त्याच दिवसांत एका सकाळी झिलू माझ्या दारात उभा राहिला. सोबत त्याची बायको बाळी. चालत आले होते. किती तास लागले मी विचारलं नाही. उन्हं नुकतीच वर आली होती, म्हणजे अंधारात निघाले असणार.

केशरनं गूळ-पाणी दिलं. बाळीनं ते हातात धरून ठेवलं. प्यायली नाही. झिलू प्याला.

तो म्हणाला, "परसू, औंदा आमच्या घराचं वर्स."

त्यांच्या वाडीत नवं भात घरात आलं की मांडावर सगळ्या वाडीचं जेवण होतं. मांड म्हणजे वाडीमधली देवाची मोकळी जागा. त्या दिवशी नवा भात शिजवायचा मान एका घराचा. त्याच घरची बाई कांडते, शिजवते, त्याच घरचा पुरुष पहिलं पान देवापुढं ठेवतो. मग सगळे जेवतात. सात घरं, म्हणून सात वर्षांनी फेरा येतो.

"त्याच सांजेला मी बुधवंताला सांगितलं," तो म्हणाला.

"बुधवंत काय म्हणतो?" मी विचारलं.

"म्हणतो, नकळत खाल्लं तर नारळ ठेवायचा, न्हायचं, सुटलं. पण नकळत खाल्लं हे कोण सांगणार? मी सांगून चालत न्हाई. ज्यानं खाऊ घातलं त्यानं मांडावर येऊन सांगायचं."

"आणि न्हाई आला तर?"

बाळी बोलली. "तर आमचा मान गेला. फुडल्या फेऱ्यापर्यंत आमचं पान वायलं. सात वर्सं."

झिलू म्हणाला, "दोन सबद बोलायचे. 'मी फसवलं' म्हणायचं. कोण तुला काय करणार न्हाई. जेवून ये."

दिवस ठरलेला होता, पाच दिवसांनी. मी म्हणालो, "येतो."

बाळी उठताना म्हणाली, "परसूदादा, आम्ही वाट बघू." ती मला दादा म्हणायची. ती शेवटची वेळ.

ते गेल्यावर केशरनं मला धारेवर धरलं. "जावळाच्या वेळी तुम्हाला ठावं हुतं. व्हय ना?"

मी बाळीचं न प्यालेलं पाणी उचलून आत नेलं.

"जावा मग. दोन शब्द तर बोलायचेत. मीबी येऊ का?"

"नको. मी जातो."

तिनं माझा पांढरा सदरा धुऊन ठेवला. त्या दिवशी पहाटे मी तो घातला आणि निघालो. जायचंच होतं. हे खरं आहे. पण खरं असून त्याचा काही उपयोग नाही.

फाट्यावर दत्तोबा आणि दुसऱ्या जोडीतला एक गडी भेटले. खांद्यावर करवत. ठेकेदारानं स्लीपरचं काम लवकर सुरू केलं होतं. रेल्वेच्या रुळाखालच्या लाकडांचं.

दत्तोबा माझ्या सदऱ्याकडं बघून म्हणाला, "ओ नवरदेव! कुठं?"

त्याला सुगावा लागला होता. केशर विहिरीवर कुणापाशी तरी बोलली असेल.

"कुणब्यांच्या देवापुढं नाक घासायला चाललास व्हय? कोंबड्यापायी? आरं, खानापूरकर मराठा तू, आणि त्या कंदखाऊंच्या पुढं हात जोडणार? उद्यापासनं खड्ड्यात तू उतर, झिलूला वर चढव."

दुसरा गडी हसला. दोनच माणसं. कुठली पंचायत नव्हे, गाव नव्हे. दोन माणसं, एक फाटा.

मी म्हणालो, "छे. कुणी सांगितलं? कामावरच निघालोय."

"पांढऱ्या सदऱ्यात?"

"दुसरा वाळला न्हाई."

दत्तोबाच्या जोडीदाराला ताप होता. मी त्याच्या जागी वर उभा राहिलो, दत्तोबा खाली. त्या दिवशी आम्ही आठ स्लीपर काढले. नेहमी एका जोडीचे सहा होत. आठही रेघेत. इतकं चांगलं काम माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं. मी सबंध दिवस मान वर केली नाही. दुपारी मी हिशेब केला की आता निघालो तरी पंगत उठायच्या आत पोचणार नाही, आणि तो हिशेब करताना मला हायसं वाटलं.

घरी केशरनं सदरा पाहिला. बाह्यांवर काजळी, पाठीवर घामाचा पट्टा.  सदरा उचलून भिजत घातला. महिनाभर ती माझ्याशी कामापुरतं बोलली.

मार्गशीर्षात कूप सुरू झाला. झिलू येणार नाही असं मी धरलं होतं. दुसरा जोडीदारही पाहून ठेवला होता. पहिल्या दिवशी ऊन ओंडक्याला लागायच्या आत तो आलेला होता. खड्ड्यात उतरून त्यानं जुना भुसा उपसला, पाय रोवायला जागा केली आणि वर बघून म्हणाला, "चल."

आम्ही चिरायला लागलो. ओढ तशीच. दुपारी तो आंबील घेऊन खड्ड्याच्या पलीकडे गेला, नाणा नावाच्या एका झाडाखाली, आमच्याकडं पाठ करून बसला. मी भाकरी दिली ती घेतली नाही. दत्तोबा काहीतरी बोलायला गेला, मी त्याच्याकडं असं पाहिलं की तो गप्प झाला. तेवढंच धैर्य मला जमलं. दत्तोबाला गप्प करण्याएवढं.

सात वर्षं तो त्या बाजूला पाठ करून जेवला.

वाडीत काय चाललं होतं ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. मी आलो नाही म्हणून लोकांनी धरलं की झिलूच्या जिभेला चव लागली, मनानं खाल्लं, आणि मग गोष्ट रचली. पहिलं वर्ष तो सांगत राहिला. मग त्यानं सांगणं सोडलं. "खाल्लं मी," एवढंच म्हणायला लागला. शिमग्याला, नव्याला, लग्नाला त्याचं आणि बाळीचं पान वाडीच्या पंगतीबाहेर. धान्य, कणंगं, भाजी तो सगळ्यांबरोबर द्यायचा. त्याचं घेतलं जायचं. त्याच्या घरात शिजलेलं घेतलं जात नव्हतं.

साठ साली त्याच्या मुलीचं, फुलाचं लग्न झालं. त्यानं तीन दिवस मागून घेतले. परत आल्यावर मी वरून विचारलं, "झालं नीट?"

"जालं."

"पंगत मोठी झाली?"

थोडा वेळ करवत चालत राहिली. मग तो म्हणाला, "बुधवंताच्या अंगणात जाली. आम्ही मागल्या दारी जेवलो." आणि लगेच, "रेघ बघ तुझी."

त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. करवत थांबवून खाली उतरायला हवं होतं. दीड तासाची वाट. बुधवंत जिवंत होता. कुठल्याही दिवशी जाता आलं असतं. हे सातही वर्षं खरं होतं. मी दर पावसाळ्यात ठरवायचो आणि दर मार्गशीर्षात ओंडक्यावर चढायचो. कष्टाला मी कधी भ्यालो नाही. तेवढं चालणं म्हणजे मला कष्टही नव्हते.

बाळी कधी कधी सरपणाच्या वाटेनं खड्ड्यावरून जायची. पूर्वी थांबायची, केशरची, मुलाची चौकशी करायची. आता झिलूशी बोलून पुढं जायची. मला दादा म्हणत नव्हती. दुसरंही काही म्हणत नव्हती.

त्रेसष्ट सालच्या कार्तिकात, स्लीपरच्या कामावर असताना, झिलूनं दोन दिवस मागितले. "औंदा आमच्या घराचं वर्स," म्हणाला. सात वर्षांपूर्वी जसं म्हणाला होता तसंच, पण या वेळी पुढं काही नाही.

मी त्या दिवशी निघालो. केशरला सांगितलं. ती म्हणाली, "आता?" आणि मग म्हणाली, "जावा तरी." मी कामावरचाच सदरा घातला. फाट्यावर कुणी भेटलं नाही. भेटलं असतं तर काय केलं असतं, मला माहीत नाही.

वाडी सात घरांची. शेणानं सारवलेला मांड, मधोमध दगड, त्यावर झेंडूची माळ. एका बाजूला तीन दगडांवर मोठं भांडं चढवलेलं. बाळी भात ढवळत होती. नव्या भाताचा वास लांबूनच येत होता. दुसऱ्या भांड्यात कणंगं, भोपळा. झिलू ओल्या पंच्यात, नुकता न्हालेला, पानं पुसत होता. एकेक पान, दोन्ही बाजूंनी. त्याला मी वाटेवरच दिसलो. तो पानं ठेवून मांडाच्या बाहेर आला आणि मला फणसाखाली अडवलं.

"कशाला आलास?"

"सांगायला. बुधवंताला. सगळ्यांसमोर सांगतो. मी फसवलं म्हणून. पीससुद्धा मीच ठेवलं."

त्याला पिसाचं ठाऊक होतं का? त्याचा चेहरा हलला नाही.

"न्हाई," तो म्हणाला.

"झिलू, बोलू दे मला."

"आता बोलून कोणाचं काय व्हनार? ऐक. तू आज सांगितलंस तर म्हातारा खोटा पडला. त्यानं सात वर्सं मला वायलं बसवलं, उगाच. ह्या लोकांनी माझ्या फुलाच्या लग्नात मला मागल्या दारी धाडलं, उगाच. आज माझ्या हातचं पहिलं जेवतात ते. घास कसा उतरंल त्यांच्या गळ्याखाली?"

"पण तू खाल्लं न्हाईस मनानं."

"मी सात वर्सं पुरी केली. एक दिस चुकवला न्हाई. ती माझी हायत. तू आज दोन सबद बोललास की ती सगळी फुकट गेली. तुला ठावं हाय, काप पुरा जाल्यावर कोणी सांगितलं की लाकूड दुसरंच चिरायचं हुतं, तर कसं वाटतं. तू तसं करू नको."

मला ठाऊक होतं.

मांडावरून बुधवंतानं हाक मारली. फार म्हातारा झाला होता, डोळ्यांवर हात धरून बघत होता. "कोण रे तो, झिलू?"

झिलूनं माझ्याकडं पाहिलं नाही. "माझ्या जोडीचा हाय, आजोबा. करवतीवरचा. जेवायला आलाय."

म्हातारा माझ्याकडं पाहत राहिला. त्याला काही आठवत असावं. तो मला विचारू शकला असता आणि मी सांगू शकलो असतो. तो म्हणाला, "बस मग. पान मांडा त्याचं."

मी बसलो.

इथं मला एक गोष्ट लिहायची आहे. ती लिहायची नसती तर बाकीचं लिहिण्याचं कारण नव्हतं. झिलू "न्हाई" म्हणाला तेव्हा मला बरं वाटलं. सबंध वाट चालताना छातीवर जे होतं ते उतरलं. आता बोलावं लागणार नाही. हात जोडावे लागणार नाहीत. त्यानंच नको म्हटलं, माझा दोष नाही. हे सगळं एका क्षणात झालं आणि ते माझ्या तोंडावर उमटलं असणार. कारण मी मान वर केली तेव्हा बाळी भांड्यापाशी पळी हातात घेऊन उभी होती आणि माझ्या तोंडाकडं पाहत होती. तिनं फणसाखालचं बोलणं ऐकलेलं नव्हतं. ऐकायची गरजही नव्हती. सात वर्षं जिनं एकटीनं शिजवलं, एकटीनं खाल्लं, तिला सुटलेला माणूस ओळखता येतो.

झिलूनं पहिलं पान देवापुढं ठेवलं.  मग तो सबंध पंगतीतून फिरला. प्रत्येकापाशी वाकून म्हणत होता, "सावकाश जेवा, पोटभर जेवा." बुधवंतापाशी वाकला तेव्हा म्हाताऱ्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझ्यापाशीही तो वाकला. माझ्यासाठीही तेच शब्द. वेगळे नाहीत, कमी नाहीत.

वाढायला बाळी आली. पाहुणा म्हणून पंगतीत पहिलं मला. माझ्या पानासमोर ती थांबली.

"विचारून घे," ती म्हणाली. "भातात काय घातलंय, भाजीत काय घातलंय. मागनं कोण आरवायला नको."

शेजारच्या माणसाला वाटलं ती थट्टा करते. तो हसला आणि म्हणाला, "वैनी, पाहुण्याला घाबरवू नको." ती हसली नाही. मीही नाही.

मला तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं, 'बाळी, मी फसवलं.' दोनच शब्द. तेही मांडावर नाही, तिच्यापुरते, हळू. झिलूनं त्याला हरकत घेतली नसती. ते माझ्यानं झालं नाही. मी पानाकडं बघत राहिलो.

ती पळीभर भात वाढून पुढं गेली. तांबडा, जाड, नवा भात. मी जेवलो. ती फिरून आली, "आणखी?" म्हणाली, आणि मी मान हलवून हो म्हटलं. तिनं वाढलं. कमी वाढलं नाही.

भात चांगला झाला होता.